व्हिडिओत बारा हजार, पत्र्याच्या खोलीत नऊ हजार

या वेळी कॉम्प्युटरचे स्कोर, टेस्ट आणि रिव्ह्यू याच विषयावर एवढे प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : सर, एप्रिलमधी नवीन लॅपटॉप घेतला. घ्यायच्या आधी यूट्यूबवर त्याच मॉडेलचा रिव्ह्यू बघितला होता, त्यात सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या टेस्टचा मल्टीकोर स्कोर, म्हणजे सगळे कोर मिळून, १२ हजाराच्या वर होता. माझ्याकडं पत्र्याच्या खोलीत दुपारी लावला तर ९ हजाराच्या पुढं जाईना. दुकानदार म्हणायलाय विंडोज नवीन टाका. मला दुसराच प्रोसेसर दिला का काय?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : आधी प्रोसेसरचं बघून टाका म्हणजे डोक्यातून तो विषय जाईल. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये नाव लिहिलेलं असतं. नाव तेच असंल तर तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, विंडोज पण टाकू नका, आधी खोलीचं तापमान बघा.

लॅपटॉपचा पंखा काही थंड हवा तयार करत नाही, खोलीत जी हवा आहे तीच तो चिपवरून फिरवतो. रिव्ह्यू करणारा बहुतेक एसीत बसलेला असतो, समजा २५ डिग्रीत, आणि तुमची पत्र्याची खोली मे महिन्यात दुपारी ४० च्या पुढं. खोली १५ डिग्रीनं गरम म्हणजे तेवढीच वीज खाणारी चिपसुद्धा जवळजवळ १५ डिग्रीनं गरम होणार. आता बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरला ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास मर्यादा घातलेली असते, तिथं पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तुमचे गेलेले ३ हजार बरेचसे इथंच गेलेत असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे टेस्ट किती वेळ चालवली. लॅपटॉपचा प्रोसेसर सुरुवातीचे काही सेकंद जास्त वॅट ओढतो आणि मग कंपनीनं ठरवून दिलेल्या कमी वॅटवर उतरतो, म्हणून पहिला रन नेहमी चांगला दिसतो. आर२३ आपोआप १० मिनिटं चालतो, पण सेटिंग बदलून एकच रन घेता येतो, आणि व्हिडिओवाल्यानं तसा घेतला असंल तर त्याचा आकडा गार मशीनचा आणि तुमचा तापलेल्या मशीनचा. ही वॅटची मर्यादा प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबानं ठेवते, म्हणून एकाच नावाचा प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये सारखा पळत नाही. ग्राफिक्सचं तर त्याहून अवघड, एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळतं आणि बाहेर स्टिकरवर नाव एकच. माझ्या मते हा ग्राहकावर अन्याय आहे, वॅट खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायलाच पाहिजेत.

मग रिव्ह्यूचा उपयोग काय असं विचाराल. तुमच्याकडं परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तिथं कापसाच्या नवीन वाणाची चाचणी कशी घेतात ते आठवा. शेजारी तुलनेला जुना वाण लावतात, तेच पुन्हा तीन-चार वेगवेगळ्या वाफ्यांत लावतात, खत-पाणी सारखं ठेवतात, आणि मग सांगतात की हा वाण त्या वाणापेक्षा सरस निघाला. तेवढाच उतारा तुमच्या कोरडवाहू रानात येईल असं त्यात कुणी म्हणत नाही. चांगला हार्डवेअर रिव्ह्यू पण असाच असतो, सगळ्या मशीनवर विंडोज एकाच अपडेटवर, ड्रायव्हरची (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती एक, खोलीचं तापमान एक, प्रत्येक टेस्ट किमान तीनदा घेऊन मधला आकडा धरायचा, एखादा रन लईच वेगळा आला तर का आला ते शोधायचं. त्यातून 'अ' हा 'ब' पेक्षा किती पुढं आहे ते कळतं. ज्या रिव्ह्यूत खोलीचं तापमान आणि चार्जर लावला होता की नाही हे सांगितलेलं नाही तो मी अर्धवट समजतो.

तुम्ही असं करा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात तापमान, वॅट आणि क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा वेग, तिन्ही दिसतं. पहाटे पाचला गार असताना चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर एकदा टेस्ट घ्या आणि दुपारी तीनला तशीच घ्या. पहाटे १२ हजाराच्या जवळ गेला तर मशीन एकदम ठीक आहे. पहाटेसुद्धा ९ हजारच आला आणि तापमान ९५ च्या वरच राहिलं तर मग कूलिंगमध्ये गडबड असू शकते, वॉरंटीत दाखवा, आणि जाताना दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट घेऊन जा म्हणजे "विंडोज टाका" म्हणून परत पाठवता येणार नाही. लाईट गेल्यावर बॅटरीवर टेस्ट घेऊ नका, बॅटरीवर बरेच लॅपटॉप वॅट निम्म्यावर आणतात. आणि पाण्याच्या कूलरसमोर अगदी तोंडाला लॅपटॉप ठेवू नका, तुषार उडतात. मागची बाजू बोटभर उचलून ठेवली तरी फरक पडतो.

प्रश्न : दादा, आमचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं काम आहे. नवीन एसएसडी घेतली, टेस्टमध्ये राईट स्पीड सेकंदाला ४ हजार एमबीवर दाखवतो पण २०० जीबीचं लग्न एका एसएसडीवरून दुसरीवर कॉपी करायला लागलो की थोड्या वेळानं शंभरावर येऊन बसतो. डुप्लिकेट माल आहे का?
– फोटो स्टुडिओवाले, लातूर

उत्तर : डुप्लिकेट असेलच असं नाही, टेस्ट छोटी आहे आणि तुमचं काम मोठं आहे. क्रिस्टलडिस्कमार्क हे ड्राइव्हचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर आपण काही न बदलता चालवलं तर १ जीबीच्या फाईलवर मोजतं. आणि आजकालच्या स्वस्त एसएसडीत एका सेलमध्ये तीन किंवा चार बिट साठवतात, ते लिहायला वेळ लागतो, म्हणून ड्राइव्ह काही भागात तात्पुरता एकच बिट भराभर लिहून घेते आणि निवांत झाल्यावर ते नीट लावत बसते. या तात्पुरत्या जागेला एसएलसी कॅश म्हणतात. १ जीबी त्यात सहज मावतं, २०० जीबी मावत नाही, कॅश भरली की खरा वेग समोर येतो, आणि चार बिटवाल्या म्हणजे क्यूएलसी ड्राइव्हमध्ये तो शंभरापर्यंत खाली येणं नवीन नाही. ड्राइव्ह जेवढी भरलेली तेवढी ही कॅश पण लहान होत जाते.

तुमच्यासारख्यांनी रिव्ह्यूत एकच आलेख शोधायचा, सगळी ड्राइव्ह सलग लिहून भरताना वेग कुठं पडला आणि पडून किती राहिला. घेताना तीन बिटवाली, म्हणजे टीएलसी घ्या, डीरॅम (ड्राइव्हवरचीच वेगळी छोटी मेमरी) असलेली मिळाली तर अजून चांगलं. आणि जिच्यावरून कॉपी करताय तीच ड्राइव्ह हळू नाही ना, हे एकदा तपासा.

प्रश्न : गेममध्ये कोपऱ्यात ६० एफपीएस दाखवतं तरी मधीच झटके बसायलेत. असं काऊन?
– बारावीचा विद्यार्थी, जालना

उत्तर : एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात ते, आणि ६० ही सरासरी आहे. हिशेब करा, ५८ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदात आल्या म्हणजे ८१२ झाले, आणि एकच फ्रेम १८८ मिलिसेकंद अडकली, मिळून एक सेकंद पूर्ण. एफपीएस ५९ दिसणार, पण त्या एका फ्रेमला तुमचा गाडा भिंतीत गेलेला असणार. नुसती सरासरी पुरेशी नाही आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ बघितला पाहिजे हे २०११ मध्ये टेक रिपोर्ट या साइटनं जोरात मांडलं, त्यानंतर रिव्ह्यूची पद्धतच बदलली. आता तुम्हाला '१ टक्का लो' असा आकडा दिसतो तो तिथूनच आला, सगळ्यात हळू आलेल्या १ टक्का फ्रेमवरून तो काढतात. सरासरी ६० आणि १ टक्का लो २० असंल तर झटके बसणारच. तुमच्याकडं रॅमची एकच पट्टी असंल तर तशीच दुसरी टाकून बघा, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसंल तर लई फरक पडतो.

प्रश्न : कंपन्या टेस्टपुरता वेग वाढवतात असं ऐकलं, खरं आहे का?
– निवृत्त शिक्षक, बीड

उत्तर : खरं आहे गुरुजी, आणि पकडलेही गेलेत. २००१ मध्ये एटीआयच्या ग्राफिक्स कार्डाबाबत असं दिसलं की क्वेक ३ गेमच्या फाईलीत 'क्वेक'चं 'क्वॅक' केलं की वेग खाली येतो आणि चित्र सुधारतं, म्हणजे ड्रायव्हर गेमचं नाव ओळखून चित्राचा दर्जा कमी करत होता. २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ ही ग्राफिक्सची टेस्ट बनवणाऱ्या फ्यूचरमार्कनं एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये त्या टेस्टपुरत्या केलेल्या युक्त्या उघड केल्या. २०१३ मध्ये सॅमसंग गॅलॅक्सी एस४ च्या एका आवृत्तीत ग्राफिक्स चिप एरवी ४८० मेगाहर्ट्झवर आणि ठरावीक बेंचमार्क म्हणजे वेग मोजणारं ॲप उघडलं की ५३३ वर चालते हे आनंदटेक या साइटनं दाखवलं, अमेरिकेत त्यावर खटला चालला आणि २०१९ मध्ये १ कोटी ३४ लाख डॉलरवर तडजोड झाली.

पकडायची पद्धत तीच जुनी, टेस्टचं नाव बदलायचं आणि पुन्हा चालवायची. म्हणून नुसत्या तयार बेंचमार्कवर न थांबता खरी कामं लावून मोजणारे रिव्ह्यूवाले मला जास्त भरवशाचे वाटतात, त्यांना मेहनत पण जास्त पडते.

प्रश्न : खताचं दुकान आहे, टॅली आणि एक्सेल एवढंच काम. कुठला स्कोर बघून कॉम्प्युटर घ्यावा?
– दुकानदार, हिंगोली

उत्तर : मल्टीकोर सोडून द्या, सिंगल कोर म्हणजे एकटा कोर किती पळतो ते बघा, आणि टेस्टची आवृत्ती तीच आहे का ते बघा. गीकबेंच नावाची टेस्ट घ्या, तिच्या ५ व्या आवृत्तीत कोर आय३-८१०० ला १००० धरून मोजमाप आहे आणि गीकबेंच ६ मध्ये कोर आय७-१२७०० ला २५००, हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी मशीन दाखवत असंल तर ती तुलना चुकीची आहे. त्याहून बरं म्हणजे तुमच्या टॅलीच्या डेटाची आणि सगळ्यात जड एक्सेलची कॉपी पेनड्राईव्हवर घेऊन दुकानात जा, फाईल आधी मशीनवर कॉपी करा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उघडायला किती वेळ लागतो ते बघा. प्रत्येक वेळी मशीन रीस्टार्ट करून मोजा, कारण दुसऱ्यांदा तीच फाईल रॅममधून उघडते आणि उगाच वेगवान वाटते. दोन मॉडेलवर असं केलं की अर्ध्या तासात निकाल लागतो. हे करू देत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.