'कम्युनिटी ॲडव्हायझरी बोर्ड' आणि 'हेल्थ इक्विटी' यांना मराठीत काय म्हणावे?

ऐरोलीच्या एका वाचक भगिनी दिघा ते तुर्भे पट्ट्यातील वस्त्यांमध्ये आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या गटात काम करतात. संशोधकांना सल्ला देणारे वस्तीतील लोकांचे मंडळ म्हणजे 'कम्युनिटी ॲडव्हायझरी बोर्ड', आणि ज्याची जशी गरज तशी त्याला आरोग्यसेवा मिळणे म्हणजे 'हेल्थ इक्विटी'. मराठी माहितीपत्रकात त्यांनी या दोन संज्ञांसाठी 'समाज सल्लागार मंडळ' आणि 'आरोग्य समानता' असे शब्द योजले, परंतु पहिल्याच बैठकीत एका मावशींनी "कुठल्या समाजाचं मंडळ?" असे विचारले. योग्य शब्द कोणते, अशी त्यांची पृच्छा आहे.

मावशींचा प्रश्न रास्त आहे. ठाणे-नवी मुंबईत आगरी समाज, कोळी समाज असे आपण रोज म्हणतो आणि 'समाज' म्हटल्यावर ज्ञाती हाच अर्थ आधी मनात येतो; 'मंडळ' म्हटले की वर्गणीचे पावतीपुस्तक आठवते. 'सामुदायिक' हा पर्यायही सुचवला जातो, पण सामुदायिक विवाह, सामुदायिक प्रार्थना यांत त्याचा अर्थ 'अनेकांनी मिळून केलेले' असा आहे. त्या न्यायाने चार डॉक्टर एकत्र बसले तरी ते सामुदायिक सल्लागार ठरतील, आणि नेमके तेच येथे अभिप्रेत नाही.

अशी सल्लागार मंडळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एड्सविषयक संशोधनातून पुढे आली. औषधांच्या चाचण्या कशा व्हाव्यात हे ठरवताना ज्यांना तो आजार आहे त्यांचेही ऐकले पाहिजे, हा रुग्णांचा आणि कार्यकर्त्यांचा आग्रह त्यामागे होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही अशा मंडळांचा उल्लेख आहे. संशोधनाला मंजुरी देण्याचे काम नैतिकता समितीचे असते. हे मंडळ मात्र अभ्यासाचा विषय वस्तीच्या गरजेचा आहे का, संमतिपत्राची भाषा लोकांना कळते का, घरोघरी कोणत्या वेळी जावे आणि निष्कर्ष लोकांना कसे सांगावेत, याबाबत मत देते. म्हणजेच सल्ला लोकांचा आणि तो ऐकायचा संशोधकांनी. ही दिशा शब्दातून दिसली पाहिजे.

त्यासाठी 'लोक' हे पूर्वपद मला सर्वांत सोयीचे वाटते आणि आरोग्याच्या क्षेत्रात ते नवेही नाही. महाराष्ट्रात २००७ मध्ये सरकारी आरोग्यसेवांवर 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे जिल्हा होता. लोकवर्गणी म्हणजे लोकांनी दिलेली वर्गणी, तसा लोकसल्ला म्हणजे लोकांनी दिलेला सल्ला; म्हणून 'लोकसल्ला समिती' असे म्हणावे. 'सल्लागार' मुद्दाम टाळला आहे, कारण सरकारी कामकाजात त्या शब्दाला मानधन घेणाऱ्या तज्ज्ञाचा वास येतो. अभ्यास तृतीयपंथी व्यक्तींविषयी असेल, तर मात्र 'समुदाय' ठेवावा, कारण तो शब्द त्या स्वतःसाठी वापरतात.

आता 'इक्विटी'. संविधानाच्या उद्देशिकेतील 'दर्जाची व संधीची समानता' हा 'इक्वॅलिटी'चा प्रतिशब्द आहे, त्यामुळे 'समानता' त्याच अर्थासाठी राखून ठेवलेली बरी. दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी सर्वांसाठी सारखाच उघडा असतो. पण त्याच वेळी कामाच्या आशेने नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला तपासणीसाठी दिवसाचा रोज बुडवावा लागतो. येथे समानता आहे, समन्याय नाही. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्दप्रयोग पाण्याच्या चळवळींनी मराठीत रुळवलेलाच आहे, तेव्हा 'आरोग्यातील समन्याय' म्हणायला हरकत नसावी. 'आरोग्यसमता' हा शब्द आटोपशीर आहे आणि 'समते'मागे फुले-आंबेडकरी विचाराचे बळ आहे, म्हणून शीर्षकात तो शोभेल. तथापि त्याने वरचा भेद स्पष्ट होत नाही. वस्तीत वाटायच्या पत्रकात तर संज्ञाच नको. "ज्याची गरज जास्त, त्याच्यापर्यंत सेवा आधी आणि अधिक पोहोचावी" असे सरळ वाक्य लिहावे.

वाचक भगिनींच्या माहितीपत्रकात समितीवरील व्यक्तींनाही 'सहभागी' म्हटले आहे, ते बदलावे. मराठी संमतिपत्रांत ज्यांची माहिती किंवा रक्ताचा नमुना घेतला जातो त्यांना 'सहभागी' म्हणतात, त्यामुळे समितीवर येणे म्हणजे रक्त देणे असा कोणाचाही गैरसमज होऊ शकेल. समितीवरील व्यक्तींना 'सदस्य' म्हणावे.