लपलेल्या देवाविषयी विचारणाऱ्यास

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. आपली ओळख माणसाला व्हावी अशी खुद्द देवाचीच इच्छा आहे, हे तू शब्बाथशाळेपासून ऐकत आला आहेस. मग रोज प्रार्थना करूनही काहीच का उमगत नाही, आणि ज्याला ओळख करून द्यायची आहे तो लपून का राहतो, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न अविश्वासाचा आहे असे तुझ्या घरच्यांना वाटत असले तरी मला तसे वाटत नाही. बायबलमधील यशयाच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात परमेश्वराला लपून राहणारा देव असेच म्हटले आहे, आणि त्यानंतर चारच वचनांनी तोच परमेश्वर म्हणतो की, मी गुप्तपणे बोललो नाही आणि मला व्यर्थ शोधत राहा असे याकोबाच्या वंशाला सांगितले नाही. शास्त्राने ही दोन्ही विधाने एकाच अध्यायात राहू दिली आहेत. तूही त्यांपैकी एकाची घाईघाईने वासलात लावू नकोस.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करतो. देव एकटा होता, त्याला सोबत हवी होती, म्हणून त्याने मनुष्य निर्माण केला, असे आपल्याकडचे काही वक्ते मोठ्या भावुकतेने सांगतात. मला ते कधीच पटलेले नाही. अथेन्समध्ये ‘अज्ञात देवाला’ असा लेख असलेल्या वेदीचा उल्लेख करून प्रेषित पौल बोलू लागला, तेव्हा त्याने हेही स्पष्ट केले की, देवाला काही उणे आहे म्हणून माणसाच्या हातून त्याची सेवा घडावी लागते असे नाही, कारण जीवन आणि श्वास तोच सर्वांना देतो. जगाच्या स्थापनेपूर्वीच पित्याने माझ्यावर प्रीती केली, असे येशू योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातील प्रार्थनेत म्हणतो. म्हणजे ही इच्छा कोणत्याही उणिवेतून निर्माण झालेली नाही. पिता आणि पुत्र यांच्यात जी प्रीती अनादी काळापासून आहे, तिच्यात इतरांनाही वाटा मिळावा अशी ती इच्छा आहे. हे नीट लक्षात ठेवलेस, तर आपण प्रतिसाद दिला नाही म्हणून देव रुसला असेल ही तुझ्या पत्रात डोकावणारी भीती बरीच कमी होईल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. देवाला स्वतःविषयी नेमके काय कळवायचे आहे, हे पाहण्यासाठी बायबलमधील निर्गम या पुस्तकाचे ३३ आणि ३४ हे अध्याय सलग वाच. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केल्याचे प्रकरण नुकतेच घडले आहे, लोकांनी करार मोडला आहे, दगडी पाट्या फुटल्या आहेत, आणि अशा वेळी मोशे ‘मला तुझे तेज दाखव’ अशी विनंती करतो. परमेश्वर ती विनंती धुडकावत नाही, पण जशीच्या तशी पुरीही करत नाही. माझे मुख तुला पाहता येणार नाही, मात्र माझे सर्व चांगुलपण मी तुझ्यासमोरून नेईन आणि माझे नाव तुझ्यापुढे जाहीर करीन, असे तो म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर मोशेला ऐकू येते ते असे की, परमेश्वर दयाळू आणि कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, अन्यायाची क्षमा करणारा आहे, तरी अपराध्याला मुळीच मोकळे सोडणारा नाही. मोशेला पाहायचे होते तेज, आणि त्याला कळला देवाचा स्वभाव. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. आपण देवाकडे दर्शनाचा हट्ट धरतो, आणि तो स्वतः कसा आहे हे सांगत असतो; ते सांगणे आपण मागितलेल्या रूपात आलेले नसते, म्हणून ते आलेच नाही असे आपल्याला वाटते.

लग्न जुळवताना मुलाचा किंवा मुलीचा बायोडेटा हातात येतो. त्यावर उंची, शिक्षण, पगार आणि मामाचे गावसुद्धा असते, पण तेवढ्यावरून ती व्यक्ती आपल्याला कळली असे कोणीही म्हणत नाही. देवाविषयी अचूक माहिती असणे वाईट नव्हे. परंतु देव एक आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात, असे नव्या करारातील आपल्या पत्रात याकोबाने लिहून ठेवले आहे, तेव्हा निव्वळ माहितीची मजल कुठवर जाते हे उघड आहे. परूशी या कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांनी आकाशातून चिन्ह मागितले तेव्हा येशू आत्म्यात विव्हळला आणि चिन्ह न देता निघून गेला, असे मार्काच्या ८व्या अध्यायात आहे. डोळे दिपवणारे चिन्ह दिले असते तर त्यांची तोंडे बंद झाली असती, पण त्यांना पिता कळला असता असे मला वाटत नाही.

येशूचा शिष्य फिलिप्प याचे उदाहरण मला याहूनही महत्त्वाचे वाटते. ‘प्रभू, आम्हांला पिता दाखवा, म्हणजे पुरे,’ असे तो शेवटच्या भोजनाच्या रात्री म्हणाला, आणि इतका काळ मी तुमच्याजवळ असूनही तू मला ओळखत नाहीस काय, असे येशूने त्याला विचारले. ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले आहे, असेही तो म्हणाला. हा संवाद योहानाच्या १४व्या अध्यायात आहे, पण तो वाचण्याआधी १३वा अध्याय वाच. त्याच भोजनाच्या वेळी येशू उठला होता, कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले होते, आणि त्यात फिलिप्पाचेही पाय होते. ज्या हातांनी आपले पाय धुतले त्यांच्यात देव दिसू शकतो, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानातच आले नाही. आणि खरे सांगायचे तर ते आपल्या तरी कुठे येते? आपल्या कल्पनेतला देव उंचावर असतो, त्यामुळे तो खाली बसलेला असताना आपली नजर त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

ही ओळख मुरायला वेळ लागतो, याची लाज बाळगू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत प्रांजळपणे लिहिले आहे. संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या, शास्त्रे कोळून प्यालेल्या बाईंचे हे म्हणणे आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. लहानापासून थोरापर्यंत सर्व मला ओळखतील, या संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायातील अभिवचनावर ज्याचा विश्वास आहे त्याने असेच काम हाती घ्यावे, असे मला वाटते.

यिर्मयाचा विषय निघाला म्हणून त्याच्या २२व्या अध्यायाविषयीही लिहितो, कारण या विषयावरील उपदेशांत तो फारसा येत नाही. राजा यहोयाकीम मजुरांना वेतन न देता स्वतःसाठी प्रशस्त वाडा बांधतो, त्याला गंधसरूची तक्तपोशी करतो आणि हिंगुळाचा रंग देतो. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, म्हणजे योशीयाची, आठवण करून देतो: तो खातपीत नव्हता काय, तरी त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि मला ओळखणे ते हेच नव्हे काय, असे परमेश्वर म्हणतो. देव सापडावा म्हणून तू पहाटे उठतोस, उपवास करतोस. ते सोडू नकोस. पण तुझ्याच पत्रात तू ओझरते लिहिले आहेस की, ज्या बांधकामावर तू देखरेख करतोस तिथल्या मजुरांची मजुरी महिनोन्‌महिने थकली आहे आणि तो विषय साहेबांपुढे काढायला तुला संकोच वाटतो. ही गोष्ट तू प्रार्थनेच्या प्रश्नापासून वेगळी ठेवली आहेस. यिर्मयाने ती वेगळी ठेवली नसती. पैसे मिळवून दिल्यावर देवाचे दर्शन घडेल, असा सौदा मी तुला सुचवत नाही. देव कसा आहे हे ज्या ठिकाणी कळते असे तो स्वतः सांगतो, तिथे जायचे टाळून इतरत्र त्याची वाट पाहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रार्थनेत काही जाणवत नाही अशा दिवसांसाठी गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील ४थ्या अध्यायाचे ९वे वचन जवळ ठेव. तुम्ही देवाला ओळखता असे पौल लिहू लागतो, आणि त्याच वाक्यात स्वतःला सावरून म्हणतो की, किंबहुना देवाने तुम्हांला ओळखले आहे. तुला काही जाणवले किंवा नाही जाणवले, तरी ही बाजू तुझ्या जाणिवेवर अवलंबून नाही.

मजुरांच्या हिशेबाची वही घेऊन या आठवड्यात साहेबांना भेट. एकट्याने जाणे जड वाटत असेल तर मंडळीतल्या एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्यांना सोबत घे. काय झाले ते मला कळव, आणि योहानाचे १३ ते १७ हे अध्याय वाचताना जिथे अडशील त्या जागाही लिहून पाठव. घरी सर्वांना सलाम सांग.

प्रभूमध्ये तुझा,
काका