पहिल्या फेरीत घसारा विचारतातच

इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या ॲनालिस्ट पदासाठी पहिली फेरी बहुधा अर्ध्या तासाची, फोनवर किंवा व्हिडिओवर असते. तिथे पाया तपासतात. म्हणून डीसीएफच्या (भविष्यातल्या रोकडीवरून आजचं मूल्य काढण्याच्या पद्धतीच्या) मागे लागण्याआधी नफा-तोटा पत्रक, कॅश फ्लो आणि ताळेबंद एकमेकांशी कसे जोडलेले असतात ते पक्कं कर.

ठरलेला प्रश्न: घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेचा हिशेबातला खर्च) १० रुपयांनी वाढला तर? कर २५ टक्के धर. करपूर्व नफा १० ने घटतो, कर २.५० ने वाचतो, निव्वळ नफा ७.५० ने कमी. घसारा रोख खर्च नाही, म्हणून कॅश फ्लोमध्ये १० परत मिळवायचे, रोकड २.५० ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने खाली, रोकड २.५० ने वर, म्हणजे मालमत्ता ७.५० ने कमी. पलीकडे, म्हणजे देणी-भांडवलाच्या बाजूला, राखीव नफाही तेवढाच घटतो. बहुतेक जण एखाद्या पत्रकात कर धरायला विसरतात, मग ताळेबंद काही केल्या जुळत नाही.

दुसरी हमखास चूक कंपनीचं मूल्य नफ्याच्या किती पट आहे ते सांगणाऱ्या गुणोत्तरांची. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा; तो व्याजाआधीचा, म्हणजे कर्जदाते आणि भागधारक दोघांचा. त्याच्याशी एंटरप्राइज व्हॅल्यू (निव्वळ कर्जासकट कंपनीचं मूल्य) लाव, मार्केट कॅप (फक्त शेअर्सचं बाजारमूल्य) नव्हे. निव्वळ नफ्याला मात्र मार्केट कॅपच.

'स्वतःबद्दल सांगा' दीड मिनिटात संपव. (पाठ केलेलं लगेच कळतं.)

एक सौदा आकड्यांसकट तयार ठेव. उदाहरणार्थ एचडीएफसी लिमिटेडचं एचडीएफसी बँकेतलं विलीनीकरण: एप्रिल २०२२ मध्ये घोषणा, १ जुलै २०२३ पासून अमलात, लिमिटेडच्या २५ शेअर्समागे बँकेचे ४२. पुढचा प्रश्न 'हे का केलं?' असा येईल. बँकेला ठेवींतून मिळणाऱ्या स्वस्त पैशाबद्दल तिथे बोल.