क्रँकबेटसाठी रॉड वाकणाराच घ्या

तुमचा प्रश्न असा आहे की मरळीसाठी घेतलेला साडेसहा फुटी, मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा, म्हणजे ताठ, टोकाशीच वाकणारा रॉड आहे, त्यावरच क्रँकबेट, म्हणजे बहुधा तोंडाशी लिप नावाची पट्टी असलेले, ओढले की पाण्यात बुडी मारणारे खोटे मासे, फेकले तर चालतील का, की तीन हजारांत दुसरा घ्यावा. दुसरा घ्या. आणि ताठ घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

एकच ताठ रॉड सगळ्याला पुरतो असं सांगणारे तुम्हाला खूप भेटतील. आमच्या घरातच एक आहे, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आमचं गाव पवनी तालुक्यात. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं वैनगंगेकडचं वावर त्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पाण्याखाली दीड-दोन हातांवर येतो. काठावरून काही दिसत नाही, पण मला तो कुठून कुठे जातो ते ठाऊक आहे. लहानपणी त्याच धुऱ्यावर बसून मी राखण केली आहे. धुऱ्याला दगड आहेत, बाभळीचे दोन खुंट आहेत आणि त्यांच्या आडोशाला मरळ बसते. छोट्या लिपचा, कमी खोल जाणारा क्रँक तिथे दगडावर ठोकर खातो, एका बाजूला उसळतो आणि मासा नेमका तेव्हाच धरतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावानं, आम्ही त्याला दादा म्हणतो, नागपूरहून मला रॉड आणून दिला. कार्बनचा, हलका, टोकाचा थोडासा भागच वाकणारा. महागाचा होता आणि त्यानं मायेनं दिला होता, हे आधी सांगतो. रीलवर ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, भरलेली. मे महिन्यात आम्ही दोघं धुऱ्यावर गेलो. सकाळची वेळ, वारा नव्हता. तिसऱ्या-चौथ्या कास्टला क्रँकची थरथर एकदम थांबली आणि हाताला टक् लागलं. मी दिला झटका. मरळ तिथंच वर आली, पाण्याबाहेर अर्धी उभी राहिली आणि तिनं डोकं दोनदा इकडून तिकडं आपटलं. चार किलोच्या आत नसेल. तिसऱ्यांदा डोकं हलवलं आणि लाइन ढिली पडली.

क्रँक ओढून हातात घेतला तर मागच्या ट्रेबल हूकच्या, म्हणजे तीन काट्यांच्या गळाच्या, एका काट्यावर पांढरट कातडीचा तुकडा लटकत होता, करंगळीच्या नखाएवढा. हूक सरळ झाला नव्हता, गाठ सुटली नव्हती, लाइन तुटली नव्हती.

दादा म्हणाला, "तुझ्या हातात जोरच नाही. काटा बसवता येत नाही तुले." काठावर म्हणाला असता तर मी विसरलो असतो. पोळ्याला सगळं घर जमलं होतं, तिथं त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

बाबा ऐकत होते. त्यांनी आयुष्यभर वेळूच्या काठीनं गरी टाकली. ते उठले, कोपऱ्यातला तो रॉड घेतला, अंगणात टोक जमिनीला टेकवून दाबलं आणि म्हणाले, "हे तं वाकतच नाही. मासा कायले थकन मंग? तोंडच फाटन त्याचं."

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर बाबांनीच दिलं. फ्रॉगचा, म्हणजे बेडकासारख्या खोट्या आमिषाचा, हूक मोठा आणि जाड असतो. तो मरळीच्या टणक जबड्यात घुसवायला ताठ रॉड आणि जोराचा झटका लागतो. क्रँकचे ट्रेबल बारीक. तीन काट्यांतला एखादाच लागतो, तोही बहुतेक ओठाच्या कडेच्या पातळ कातडीत. तिथं ताठ रॉड आणि न ताणणारी ब्रेडेड लाइन असली की माशाचा प्रत्येक हिसका थेट त्या कातडीवर येतो. भोक मोठं होतं आणि काटा गळून पडतो. रॉड मधल्या भागापर्यंत वाकत असेल तर हिसका रॉड खातो.

दुसरी गोष्ट झटक्याची. ताठ रॉडवर टक् इतकं लवकर कळतं की हात आपोआप उठतो, आणि माशानं क्रँक नीट तोंडात घेतलेला नसतो. मऊ रॉड अर्ध्या क्षणाचा उशीर करतो. तो उशीर आपल्या फायद्याचा आहे. क्रँकला झटका मारायचाच नाही. वजन जाणवलं की रील फिरवत राहायचं आणि रॉड आडवा बाजूला न्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मी हजार-बाराशेचा सात फुटी फायबरग्लासचा रॉड घेतला. जड आहे, दुपारपर्यंत मनगट दुखतं. पण जागा तीच, क्रँक तोच, लाइनही तीच ब्रेडेड, फक्त रॉड बदलला. दादाच्या रॉडवर त्या अख्ख्या मोसमात सात मासे लागले होते, त्यातले पाच सुटले. या रॉडवर नऊ लागले, दोन सुटले. मी वहीत लिहून ठेवलंय. दादा म्हणाला, नशीब. एकाच मोसमात माझ्या हातात जोर आला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे रॉडचंच काम आहे.

दादा नेहमी व्हिडिओतल्या लोकांचा दाखला देतो, म्हणून मीही एक देतो. अमेरिकेतली बासमास्टर क्लासिक ही बास माशाची सगळ्यात मोठी स्पर्धा १९९३ साली डेव्हिड फ्रिट्सनं जिंकली ती क्रँकबेट फेकूनच, आणि क्रँकसाठी तोही मऊ रॉडच सांगतो. तिकडचा बास वेगळा, आमची मरळ वेगळी, मान्य. ट्रेबल हूक दोन्हीकडे सारखाच असतो.

आता घेताना काय बघायचं ते. रॉडवर मॉडरेट, म्हणजे मधल्या भागापर्यंत वाकणारा, असं लिहिलंय का बघा. मीडियम हेवी आणि मॉडरेट एकाच रॉडवर असू शकतं, लोक इथंच गोंधळतात. मीडियम हेवी ही पॉवर, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो; मॉडरेट हे ॲक्शन, म्हणजे कुठून वाकतो. छापलेल्यावर विसंबू नका. दुकानात रॉड धरा, टोकाची दोरी दुसऱ्या कुणाला ओढायला सांगा. वाक मधल्या भागापर्यंत उतरला पाहिजे. मुठीच्या वर ल्युअरचं, म्हणजे खोट्या आमिषाचं, वजन लिहिलेलं असतं. १० ते १५ ग्रॅमचे क्रँक फेकणार असाल तर ७ ते २१ ग्रॅमचा रॉड बरोबर बसतो. लांबी सात फूट, खोल पाण्यासाठी साडेसात. लांब कास्ट गेला की क्रँकला खाली उतरायला जास्त अंतर मिळतं. पूर्ण फायबरग्लास जड वाटत असेल तर कार्बन मिसळलेला घ्या, तीन हजारांत मिळायला हरकत नाही. लाइन बारीक ठेवा, जाड लाइनीवर क्रँक खोल जात नाही. रील कमी गिअरचं, म्हणजे सावकाश ओढणारं, ५:१ च्या आसपासचं असेल तर बरं, पण त्यासाठी वेगळा खर्च करू नका.

पैसे नसतील तर तुमच्या आहे त्या रॉडवर ब्रेडेड काढून १० ते १२ पौंड ताण सोसणारी मोनो, म्हणजे नायलॉनची एकेरी लाइन भरा आणि ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की लाइन सोडणारी रीलची पकड, सैल ठेवा. मोनो थोडी ताणते, तेवढाच आधार.

पण जुना रॉड विकू मात्र नका. मामा (माजी मालगुजारी) तलावात शिंगाड्याच्या वेलात, कमळात फ्रॉग फेकायचा तर तोच लागेल. मऊ रॉडनं मरळ वेलातून बाहेर निघत नाही. बिनलिपचा क्रँक गवतावरून फेकायचा असेल तरी किंचित ताठ रॉड बरा, तिथे दादाचं म्हणणं बरोबर आहे.

आणखी एक, हे मी आधीच सांगायला हवं होतं. तलाव आणि धरणाचं पाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेलं असतं. ढिवरांची पोटं त्यावर आहेत, विचारल्याशिवाय टाकू नका. नवेगाव-नागझिरा, पेंच इथं तर विचारही नको. आणि पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर दिसला तर खाली मरळ राखणीला असते. ती चिडून धरते, पण तिला काढलं की पिलं गेलीच.

दादा, हे तुझ्यापर्यंत पोचेलच. यंदा मे महिन्यात पाणी उतरलं की ये. दोन्ही रॉड मी आणतो, क्रँक एकच ठेवू, धुऱ्यावर तूच फेक.