आईला दिसेनासं झालंय, मराठी पुस्तकं ऐकण्यासाठी काय सोय आहे?

काचबिंदूने नजर गेली, वय सत्तरच्या पुढे आणि वाचनाचं वेड, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्या हिशोबानेच सांगतो. मी स्वतः आरपीवाला आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार, कॉलेजनंतर छापील अक्षर सुटलंच, आता सगळं वाचन कानाने.

आधी माणसाने वाचलेली पुस्तकं द्या, मशीनच्या आवाजाने सुरुवात केली तर आई दोन दिवसांत कंटाळतील. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर मराठी भरपूर आहे, पण महिन्याचे पैसे लागतात. फुकटात हवं तर सुगम्य पुस्तकालय बघा, २०१६ साली सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे, खास छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, ते काढलं नसेल तर आधी तेच काम. नॅबसारख्या अंधांसाठीच्या संस्थेत विचारलंत तर मेंबर कसं व्हायचं ते सांगतील. या लायब्ररीत डेझी फॉरमॅटमधली पुस्तकं मिळतात, त्यात प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते, साध्या एमपीथ्रीत नुसतं पुढे ढकलत बसावं लागतं. आणि हे चोरीचं नाही हां, २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून अशा प्रतींना परवानगी दिलीय.

मशीनचा आवाज नंतर. अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक असतंच, पण टेक्स्ट टू स्पीचच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज डाउनलोड करा, नाहीतर हिंदी आवाज मराठी वाचत बसतो आणि ते ऐकवत नाही. स्पीड सुरुवातीला कमीच ठेवा. टॉकबॅक चालू झालं की एका टॅपने फोन फक्त नाव सांगतो, उघडायला डबल टॅप, स्क्रोल दोन बोटांनी. म्हाताऱ्या माणसाला हेच जड जातं, पुस्तकं मिळवणं त्या मानाने सोपं. आठवडाभर रोज थोडा वेळ शेजारी बसा, आणि प्लीज त्यांच्या हातातून फोन ओढून स्वतः करून देऊ नका, माझ्या घरच्यांनी तेच केलं आणि मी उगाच उशिरा शिकलो.

अजून एक, जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये असतात, डोळ्याला मराठी दिसतं पण टॉकबॅक अगम्य काहीतरी बरळतं. तेव्हा फोन बिघडला समजू नका. पानांच्या इमेज काढून गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, युनिकोड, म्हणजे टॉकबॅकला नीट वाचता येईल असा मजकूर मिळतो, जोडाक्षरं अधूनमधून चुकतात पण कथा कळते.

आईंचा फोन कुठला आहे? आयफोन असेल तर तिथे टॉकबॅकच्या जागी व्हॉइसओव्हर असतं, कमेंटमध्ये सांगा, त्याचं वेगळं लिहितो.