पेरिफेरल पोर्ट १३बी रोजच्या गाडीत चालेल का?

म्हणजे तुमच्याकडे १९९० च्या आसपासची माझदाची एफसी (दुसऱ्या पिढीची) आरएक्स-७ आहे, टर्बो नसलेली, तिच्यात १३बी हे दोन रोटरचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी हाउसिंगमध्ये फिरणारे तिकोनी रोटर), राहायला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या पश्चिमेला हेंडरसन, कामाला ऑकलंड शहरात, इंजिन तसंही उघडायचंच आहे तर आता पेरिफेरल पोर्टच (हवा-पेट्रोल आत घ्यायचं भोक थेट हाउसिंगच्या भिंतीत) करून टाकू का असं विचारताय, आणि पुढे लिहिलंय "आयडल खडबडीत आणि आवाज मोठा, बाकी काही प्रॉब्लेम आहे का?"

आहे. आयडलची सवय होते आणि आवाजाची तर आवडच असते, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता. मी माझदाच्याच जुन्या आरएक्स-३ मध्ये फुल पेरिफेरल १३बी दोन वर्षं चालवली आणि शेवटी काढली ती २००० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यापायी. रोजचा माणूस ट्रॅफिकमध्ये नेमका त्याच पट्ट्यात जगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात बोअरिंगवाल्याकडे बसून यामाहा आरएक्स-१०० मोटरसायकलचे पोर्ट घासण्यात कॉलेजची वर्षं गेली, त्यामुळे मला हे टू-स्ट्रोकच्या भाषेतच कळतं. टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरच्या भिंतीला भोक असतं, पिस्टन ते उघडतो आणि झाकतो. भोक वर सरकवलं की वरची पॉवर वाढते आणि खालचा दम जातो. पेरिफेरल पोर्टही तसंच, भोक थेट रोटर हाउसिंगच्या भिंतीत. माझदाच्या स्टॉक इंजिनात इनटेकचा पोर्ट रोटरच्या बाजूच्या लोखंडी प्लेटमध्ये असतो, तिथे रोटरची बाजू सरकत येऊन पोर्ट झाकते, म्हणून तो कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे नीट ठरवता येतं. भिंतीतलं भोक मात्र रोटर कधीच झाकत नाही, एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) त्याच्यावरून जाते, आधीचा चेंबर (रोटर आणि भिंत यांच्यामधली जागा) बंद झाला की त्याच क्षणी नंतरचा उघडा. म्हणजे इनटेकचं दार कायम कोणासाठी तरी उघडंच. आणि १३बीचा एक्झॉस्ट आधीपासूनच भिंतीत आहे, त्यामुळे एकाच चेंबरला दोन्ही दारं बराच वेळ एकदम उघडी मिळतात.

९००० आरपीएमला हे वरदान आहे, हवा सरळ, वळण न घेता, रोटर फिरतो त्याच दिशेने आत शिरते आणि वेगाच्या जोरावर चेंबर ठासून भरतो, म्हणून नीट बांधलेली १३बी टर्बोशिवाय ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास जाते. पण थ्रॉटल जेमतेम उघडा असला की इनटेकमध्ये प्रेशर कमी, एक्झॉस्टमध्ये जास्त, मग जळलेला वायू उलटा आत येतो, ताज्या मिश्रणात मिसळतो, ते पेटत नाही, पुढच्या फेरीला थोडं स्वच्छ होतं, पेटतं, परत घाण. तो जो ब्रॅप-ब्रॅप ऐकायला लोक थांबतात ना, तो मिसफायरचा आवाज आहे. एकदा रात्री फिल्टर काढून टॉर्च मारून बघा, ट्रम्पेटच्या (इनटेकच्या कर्ण्यासारख्या नळीच्या) तोंडावर पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसतं, आत जाऊन परत बाहेर आलेलं. माझा फोमचा फिल्टर कायम ओला असायचा. त्यात एक बॅकफायर झाला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, मी पहिल्या आठवड्यात फायर एक्स्टिंग्विशर घेतलं.

आता तुमचा रूट बघा. नॉर्थवेस्टर्न मोटरवेवर १०० ने जाताना पाचव्या गिअरमध्ये एफसी तीन हजारांच्या आतच असते, म्हणजे बरोबर नको तिथे. गाडी स्थिर चालतच नाही, ओढते-सोडते ओढते-सोडते, बाजूला बसलेल्या माणसाची मान कोंबडीसारखी हलते. साडेचार हजारांच्या वर राहायचं तर १०० ला तिसरा गिअर लावावा लागतो आणि मग लिंकन रोडपासून वॉटरव्ह्यू बोगद्यापर्यंत आख्ख्या मोटरवेला कळतं की तुम्ही ऑफिसला निघालात. पाय उचलला की अजून वाईट. दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांवर थ्रॉटल सोडून बघा, झटके सरळ गिअरबॉक्सच्या माउंटपर्यंत जातात. ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) ओव्हररनला, म्हणजे पाय सोडून गाडी पळत असताना, फ्युएल कट टाकला की हे बरंच कमी होतं, पण कार्ब्युरेटरवर असाल तर क्लच दाबणं हाच उपाय. आणि कोणीतरी तुम्हाला हलका फ्लायव्हील घ्यायला सांगणारच, रस्त्यावर घेऊ नका.

भिंतीतला इनटेक रस्त्यावर चालतच नाही असंही नाही हं. एनएसयू या जर्मन कंपनीची रोटरी इंजिनाची आरओ ८० गाडी १९६७ ते १९७७ विकली गेली, तिचा इनटेक पेरिफेरलच होता, पण तिला टॉर्क कन्व्हर्टरवाला सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला होता आणि खालचे झटके बरेचसे तो गिळायचा. सुझुकीच्या रोटरी आरई५ मोटरसायकलला आत शिरायला दोन वाटा होत्या, हळू चालवताना लहान आणि जोरात जाताना मोठी. अगदी १९९१ ला ल मान्सची २४ तासांची रेस जिंकलेल्या माझदा ७८७बीच्या चार रोटरवाल्या इंजिनात, जे फक्त रेससाठीच होतं, ट्रम्पेटची लांबी चालत्या गाडीत कमी-जास्त होत होती, नाहीतर मधला टॉर्क मिळेना.

म्हणून मी शेवटी सेमी-पेरिफेरलवर आलो आणि तुम्हालाही तेच सांगेन. बाजूचे स्टॉक पोर्ट ठेवायचे आणि भिंतीत एक लहान भोक वाढवायचं, तिशीच्या आसपास मिलिमीटरचं, त्याला स्वतःचा वेगळा बटरफ्लाय (नळी उघडणारी-झाकणारी झडप). आयडल आणि ट्रॅफिक बाजूच्या पोर्टवर, पाय दाबला की भिंतीतला उघडतो. इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात, मीही चुकलो, तो बटरफ्लाय हाउसिंगला जितका चिकटवता येईल तितका चिकटवा. मी आधी सोयीचं पडलं म्हणून वीतभर लांब बसवला होता. बटरफ्लाय बंद असला तरी मधल्या नळीतली पोकळी राहतेच, सील भोकावरून जाताना एका चेंबरचा वायू त्या पोकळीत भरतो आणि पुढच्या चेंबरला मिळतो, म्हणजे पोर्ट बंद असूनही आयडल घाणच. नळी कापून बटरफ्लाय जवळ आणला त्या संध्याकाळी आयडल अठराशेवरून अकराशेवर आलं, बाकी काहीही न बदलता.

ब्रेकचं कोणी सांगत नाही ते सांगतो. फुल पेरिफेरलला मॅनिफोल्ड व्हॅक्यूम (इनटेकच्या नळ्यांतला) नावापुरता असतो आणि पेडल हलकं करणारा ब्रेक बूस्टर त्यावरच जगतो. पहिल्याच दिवशी उतारावरच्या राउंडअबाउटला पेडल दाबलं तर दगड, दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी थांबली. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसवल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका. याच कारणाने ईसीयूला मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणाऱ्या) विसंबून लोड कळत नाही, ट्यूनिंग थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएमवर करावं लागतं, ट्यूनरला आधी विचारून घ्या की हे त्याने केलंय का.

प्लग रेसचे थंड (उष्णता पटकन सोडणारे) लावलेत तर सिग्नलला भिजतात. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, मी लीडिंगला (आधीच्या) ७, ट्रेलिंगला (नंतरच्या) ९ नंबर ठेवतो, मोठा नंबर म्हणजे जास्त थंड, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात चार नवे कायम असतात. टाकीत सीलच्या वंगणासाठी लिटरमागे साधारण १० मिली टू-स्ट्रोक ऑइल, आरएक्स-१०० वाल्यांना सांगायची गरज नाही. मायलेज विचारू नका. बरं विचारलंच तर फुल पेरिफेरल शहरात लिटरला चार, सेमी सहा, तेही मी शहाण्यासारखी चालवली तर.

सायलेन्सर दोन लागतील, मोठे, आणि आतलं पॅकिंग जळतं कारण रोटरीचा एक्झॉस्ट नेहमीच्या इंजिनापेक्षा जास्त तापतो, ते खर्चात धरा. वॉरंट ऑफ फिटनेसला (इथली गाडीची ठरावीक मुदतीची तपासणी) आवाज जास्त वाटला तर मीटर लावून टेस्ट करायला पाठवतात, आणि इंजिनात एवढा बदल केलात की एलव्हीव्ही (लो व्हॉल्यूम व्हेइकल, म्हणजे बदल केलेल्या गाड्यांच्या) सर्टिफिकेशनवाल्याशी काम सुरू करायच्या आधी बोला, नंतर नाही. इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.

आणि हाउसिंगबद्दल. १३बीच्या रोटरची रुंदी ८० मिलिमीटर, त्यात ५० चं भोक पाडलं की दोन्ही कडेला १५-१५ मिलिमीटर उरतात, सीलला तेवढाच आधार. कडा नीट गोल केलेल्या नसतील तर सील तिथे आपटून झिजते. भोकातली ॲल्युमिनियमची नळी वॉटर जॅकेटमधून जाते आणि जुन्या हाउसिंगमध्ये ती नुसत्या इपॉक्सीने चिकटवलेली असते. माझी पहिली जोडी मी अशीच सेकंडहँड घेतली, विकणाऱ्याने सांगितलं एकही रेस चुकली नाही याच्यावर. दीड महिन्यात सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर, कूलंट रोज थोडं कमी, इंजिन उघडलं तर इपॉक्सी नखाने निघत होती. बघायला जाल तेव्हा पाण्याच्या वाटा बंद करून हवेचं प्रेशर देऊन बघायचा आग्रह धरा, साबणाचं पाणी घेऊन जा, आणि विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.