सशाच्या पिंजऱ्यातील पाण्याचे भांडे ब्लीचने धुणे सुरक्षित आहे का?

होय, मात्र ते आधी साबणाने धुतलेले असले पाहिजे, कारण भांड्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, तो जिवाणूंचाच असतो आणि तो घासून काढल्याखेरीज ब्लीच नीट काम करत नाही. म्हणून पाणी रोज बदलावे आणि भांडे गरम पाणी व भांडी घासण्याच्या साबणाने रोज धुवावे. त्यासाठीची घासणी वेगळी ठेवावी.

आठवड्यातून एकदा १ लिटर पाण्यात सुमारे ३० मिलिलिटर साधे, सुगंधविरहित घरगुती ब्लीच (सुमारे ५ टक्क्यांचे) मिसळून भांडे त्यात १० मिनिटे बुडवून ठेवावे, वाहत्या पाण्याखाली वास पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवावे आणि कोरडे झाल्यावरच पिंजऱ्यात ठेवावे. द्रावण दर वेळी ताजे करावे, आणि हे सारे काम सशापासून दूर, हवेशीर जागी करावे.

बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार व्हिनेगरने निघतात. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फिनाइल तर या कामासाठी मुळीच वापरू नये.

बाटली वापरत असाल, तर नळीच्या टोकाची गोळी विसरू नका. तिच्याभोवती शेवाळ साचते आणि कधीकधी ती अडकून पाणी येणेच थांबते, त्यामुळे नळी बारीक ब्रशने आतून घासून, बोटाने गोळी दाबून थेंब येतो का, हे रोज पाहावे. चरे पडलेले प्लास्टिकचे भांडे सरळ टाकून द्यावे. जड चिनी मातीचे भांडे मला केव्हाही अधिक योग्य वाटते.